अठ्ठावन्न किलो, चारशे ग्रॅम

गिरीज, वसई
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सेलिनमावशी,

फोनवर तू म्हणालीस, "बोलताना तू रडतेस, लिहिताना विचार करतेस. तेव्हा लिही." म्हणून लिहिते आहे. तुझ्या धडगावच्या दवाखान्यात पत्र पोहोचायला पाच-सहा दिवस लागतात, तोवर माझं रडून होईल.

ऑक्टोबरपासून मी डॉ. सुरुची मॅडमकडे घरभेटीच्या कामाला आहे, हे तुला माहीत आहे. हृदयाचे रोगी हॉस्पिटलमधून घरी आले की त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा जायचं आणि पुढे काय बिघडणार ते आधी ओळखायचं, हे माझं काम. सध्या ज्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते पाचूबंदरचे गॅब्रिएलकाका. वय एकाहत्तर. बोटीचं सुकाणू आयुष्यभर त्यांच्या हातात होतं, म्हणून बंदरावर त्यांना सगळे तांडेल म्हणतात. आता बोट मुलगा जेन्सन चालवतो. काकांच्या हृदयाची ताकद पाव हिश्शावर आली आहे.

जानेवारीत ते नऊ दिवस आयसीयूत होते. तोंडावरचा मास्क सारखा ओढून काढायचे म्हणून तिथे त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या दांडीला बँडेजने बांधले. घरी आल्यावर पहिल्याच भेटीत त्यांनी मला मनगट दाखवलं. वळ केव्हाच गेले होते, तरी दाखवलं. म्हणाले, "बाय, जाल्यात मासली घावते ना, ती पन शेपटी हलवते. मना तेवढं पन करू दिलं नाय."

परवा मॅडम स्वतः त्यांच्या घरी आल्या. काका, लूर्डसकाकी, जेन्सन आणि मी असे सगळे बसलो. काकांनी काय हवं ते सांगितलं आणि मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. दुखणं शेवटाला आलं की हॉस्पिटल नाही, मशीन नाही, घरीच. खिडकीजवळची खाट, जिथून खाडी दिसते. दम लागला तर काय द्यायचं, किती द्यायचं, कोणाला फोन करायचा, तेही लिहिलं. औषधांचा डबा कपाटावर ठेवला. जेन्सनने सही केली. सही करताना त्याचा हात थांबला होता, काकी म्हणाल्या, "कर रे, बापाचं मन आहे." मग केली.

बाहेर स्कूटरपाशी मॅडम मला म्हणाल्या, "टिफनी, हा कागद तुझ्या भरवशावर आहे. अंगात पाणी साठायला लागलं की तीन-चार दिवस आधी वजन वाढतं. तेव्हा पकडलंस तर गोळी वाढवून घरीच निभावेल. नाही पकडलंस तर एका सकाळी माणूस आतल्या आत बुडायला लागेल. मग कुठल्याही घरातली माणसं कागद वाचत बसत नाहीत."

मी परत आत गेले तर काका माझ्याकडेच बघत होते. "वेलेवर ओलखशील ना गो?"

मी हो म्हणाले, मावशी. फार पटकन म्हणाले. नानीच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते तू मला मोजायला शिकवलंस तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. पुढे नर्सिंग कॉलेजात तोच धडा आला तेव्हा तो मला घरचा वाटला. पण तेव्हा तू शेजारी उभी असायचीस. काकांच्या डाव्या पायाला जुनी दोराची जखम आहे, त्यामुळे तो पाय कायमच थोडा सुजलेला. मग त्यावरची नवी सूज मला कळेल का? ते खोकतात तो तंबाखूचा खोकला की पाण्याचा? काल त्यांनी दोनऐवजी तीन उशा घेतल्या होत्या. काकी म्हणतात एक उशी नवीन आणली म्हणून. मी विचारलं तर काका हसले, "उशा पन मोजते ही!" चष्म्यामागे डोळे खोल गेल्यासारखे वाटले, पण उजेड कमी होता. अशा गोष्टींची मी दोन पानं वेगळी जोडली आहेत. त्यातलं काय महत्त्वाचं आणि काय माझ्या मनाचे खेळ, ते सांग.

तुझी,
टिफनी


धडगाव
७ मार्च २०२५

प्रिय टिफनी,

तुझं तीन पानी पत्र मिळालं. त्यात सव्वादोन पानं भीती आहे. मी पेन्सिलने खूण करून मोजली.

नानीच्या वेळेस तू दर तासाला तिला हलवून बघायचीस, श्वास चालू आहे का म्हणून. नानी मला म्हणाली होती, "सेलिन, ही पोरगी मला मरू पण देत नाही आणि झोपू पण देत नाही." तू सगळं बघतेस, बाय, हा तुझा गुण आहे. पण सगळंच बघणाऱ्याला शेवटी काहीच दिसत नाही. शंभर शंका घेऊन डॉक्टरकडे गेलीस तर एकशेएकावी ती ऐकणार नाही.

तेव्हा नियम लावून घे. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तोच वजनकाटा, त्याच फरशीवर, तेच कपडे. तू नसशील त्या दिवशी त्यांच्या बायकोने लिहायचं. तीन दिवसांत दीड किलो वाढलं तर डॉक्टरला फोन. डोळ्याला भास होतात, काट्याला होत नाहीत. मला पत्रात जे मोजलंस ते लिही. जे वाटलं ते फाडून टाक, हलकी होशील.

परवा राखेचा बुधवार झाला, ईस्टरपर्यंतचे चाळीस उपास सुरू झाले. इथे आमच्या दवाखान्यातल्या दोघी गरोदर बायका उपास धरून बसल्या होत्या, त्यांना रागावून भात खायला लावला. तू स्वतः नीट जेवतेस ना?

सेलिनमावशी


गिरीज
२२ मार्च २०२५

प्रिय सेलिनमावशी,

तुझ्या नियमांनी खरंच बरं वाटलं. दहा दिवसांचे आकडे पाठवते. सुरुवातीला ५८.६ किलो. मग ५८.४, ५८.४, ५८.५, ५८.३, ५८.४. आज सकाळी मी स्वतः घेतलं, ५८.४. सुरुची मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "अगदी सरळ रेघ आहे. छान सांभाळलंस." मला इतकं कौतुक सहन होत नाही, पण आवडलं.

काकांना वजन करणं म्हणजे रोजची करमणूक झाली आहे. काट्यावर उभे राहिले की लिलावात ओरडतात तसं ओरडतात, "बोला, तांडेल जुना, हाडं जास्त, भाव काय?" काकी ओट्यावर बोंबील पसरत असतात, तिथून उत्तर देतात, "फुकट दिला तरी कोन नेनार नाय." मग काका मला म्हणतात, "बघ, पन्नास वर्सं संसार केला हिच्याशी." वहीत आकडा काकीच लिहितात. त्यांचे आठ मला शून्यासारखे दिसायचे, म्हणून त्यांना चौकोनी आठ काढायला शिकवला.

कपडे तेच: चौकडीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लेंगा. काकी एक दिवसाआड धुऊन परत तेच काकांना घालतात. बीपी, नाडी ठीक. झोप ठीक म्हणतात. बोलताना वाक्य पूर्ण करतात.

जेन्सन बोटीवर आहे, आठवडाभर नसतो. फोनवर विचारत होता, कागद तसाच आहे ना? मी म्हटलं, आहे, आणि अजून तरी त्याची गरज दिसत नाही. खूप दिवसांनी मी कोणाला धीर दिला.

बाकी काही नाही. वाटलेलं काही लिहीत नाही, तू बघतेस ना?

तुझी,
टिफनी


धडगाव
२९ मार्च २०२५

प्रिय टिफनी,

एक पान! शाब्बास. आकडे बघितले. ह्यापेक्षा सुंदर रेघ मी माझ्या नोकरीत फार वेळा पाहिलेली नाही. बघितलंस, घाबरणं कमी केलं की काम किती नीटनेटकं होतं.

इथे उन्हाळा लागला आहे. पाण्यासाठी बायका दोन डोंगर उतरतात, आणि त्यांचीच मुलं जुलाबाने येतात. माझे गुडघे बोलायला लागले आहेत, ते सोडून दे.

तांडेल नीट जेवतात ना, तेवढं विचार. मीठ कमी. सुकी मासळी बंद, हे कोळ्याच्या घरात सांगणं अवघड, पण सांग.

सेलिनमावशी


गिरीज
६ एप्रिल २०२५

प्रिय सेलिनमावशी,

विचारलं. "काका, जेवलात ना?" तर म्हणाले, "जेवलो बाय, भरपूर." काकी स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी भांड्यांवर नळ सोडला. दुसऱ्या भेटीतही विचारलं, तेव्हाही जेवलो म्हणाले. मिठाबद्दल काकींना परत सांगितलं, हो म्हणाल्या.

वजन ५८.४. साडेतीन आठवडे झाले, मावशी. मी आता पाचूबंदरला जाताना स्कूटरवर गाणं म्हणते.

मधल्या काळात मॅडमनी मला आणखी दोन घरं दिली. एक तुळिंजला, एक फुलपाड्याला. म्हणाल्या, तांडेलसारखी रेघ सगळ्यांची आली पाहिजे.

पुढच्या रविवारी झावळ्यांचा सण. पवित्र आठवड्यासाठी बोटी शनिवारपर्यंत परत येतील, जेन्सनही येईल. काका म्हणाले ईस्टरला मी त्यांच्याकडे जेवायला यायचं. "तवा माझ्या ताटात बघ," म्हणाले, "मग समजेल मी किती जेवतो." आणि हसले. मीही हसले.

तुझी,
टिफनी


धडगाव
१६ एप्रिल २०२५

टिफनी बाय,

काल टेकडीवर जाऊन तुझा फोन घेतला तेव्हा "गॅब्रिएलकाका गेले" एवढंच ऐकू आलं, मग नुसता तुझा श्वास, मग रेंज गेली. परत लावला तर आईने उचलला आणि तू खोलीत आहेस म्हणाली.

लिही. कितीही पानं होऊ देत. मी पेन्सिल हातात घेणार नाही.

मावशी


गिरीज
१९ एप्रिल २०२५

प्रिय सेलिनमावशी,

क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

रविवारी, तेरा तारखेला, सकाळी सातला लूर्डसकाकींचा फोन आला. "त्याला दम कोंडलाय, ये लवकर." मी चर्चला, मिस्साला निघाले होते. स्कूटर तशीच पाचूबंदरला वळवली. रस्ताभर झावळ्या घेतलेली माणसं होती, त्यांच्यातून हॉर्न वाजवत गेले.

काका खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ निळे, छातीत घरघर, तोंडाच्या कोपऱ्यात गुलाबी फेस. मी ऑक्सिजन लावला, पाठीशी उशा रचल्या, मॅडमना फोनच्या स्पीकरवर घेतलं. हात चालत होते, मावशी. तुझ्यासमोर चालायचे तसे. मग इंजेक्शन द्यायला मी त्यांचा शर्ट काढला.

तो शर्ट मी महिनाभर अंगावर पाहिला होता. आत माणूस उरलाच नव्हता. गळ्याची हाडं हँगरसारखी. दंड माझ्या मुठीत मावला. आणि पोट ताठ, आणि लेंगा वर केला तर दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत फुगून चकचकीत. अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

तेव्हा कळलं. मांस जात होतं आणि तेवढंच पाणी भरत होतं. काटा दोन्हींची बेरीज सांगत होता, आणि बेरीज रोज तीच येत होती.

जेन्सन आदल्या दिवशीच बोटीवरून आला होता. मॅडम म्हणाल्या होत्या ना, अशा वेळी कोणी कागद वाचत नाही? तो वाचत होता. भिंतीला टेकून, हातात कागद धरून, ओठ हलवत वाचत होता. मग मला म्हणाला, "टिफनी, हीच का ती वेळ? तू सांगशील तसं करू."

फोनमधून मॅडम म्हणाल्या, "तू समोर आहेस. दुखणं शेवटाला आलंय की नुसतं साठलेलं पाणी आहे? मला इथून दिसत नाही. डब्यातले दम शांत करणारे थेंब देऊन घरी ठेवायचं की हॉस्पिटलला आणायचं, त्यावरच ठरेल."

मला दोन्ही दिसत होतं. हृदय शेवटाला आलं होतं हेही खरं, आणि पाणी मी पकडलं असतं तर आज ही सकाळ आली नसती हेही खरं. मी म्हणाले, "पाणी आहे. माझ्या लक्षात आलं नाही. काढता येईल. न्या."

काकांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, एक हात गुडघ्यावरून उचलला आणि दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. मी ते पाहिलं. मला समजलं. तरी मी जेन्सनला परत म्हणाले, "न्या, उशीर करू नको."

संध्याकाळपर्यंत मशीन लागलं आणि हात बांधले. मी तिथल्या सिस्टरना विनवलं, मी बसते, मी धरते त्यांचे हात, पण बांधू नका. भेटीच्या वेळेपुरतं, एक तास, सोडले. तेवढा वेळ धरून बसले. मग मला बाहेर जावं लागलं. दोन दिवसांत सात लिटर पाणी काढलं. सोमवारी पलंगाच्या काट्यावर वजन भरलं पन्नास किलो नऊशे. मग मूत्रपिंडं थांबली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता गेले. जेन्सन खाली कुठलातरी फॉर्म भरत होता, काकी आणि मी बाहेर बाकावर होतो. आत त्यांच्याजवळ आमच्यातलं कोणी नव्हतं.

मातीहून आल्यावर लूर्डसकाकी मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "त्याचा उपास मोडला गो. चौतीस झाले होते. रविवार सोडून चाळीस धरायचे, सहा राहिले." मी विचारलं, कसला उपास? तेव्हा सांगितलं. राखेच्या बुधवारपासून ते एकच वेळ जेवत होते. दुपारी पेज आणि सुकट, मीठ घालून. सकाळी नुसता चहा. संध्याकाळचं ताट काकी वाढायच्या आणि काकांनी न शिवलेलं ते ताट परत उचलायच्या. फादरांनी सांगितलं होतं की आजाऱ्याला उपासाची माफी असते. काकांनी काकींना शपथ घातली होती. "बायला सांगू नको, ती डॉक्टरनीला सांगेल. तिनं विचारलं तर जेवलो म्हनू. जेवतोच की एकदा."

आणि कशासाठी धरला होता, तर एकच मागणं होतं. परत बांधून नेऊ नये.

मावशी, २२ मार्चच्या पत्राचं दुसरं पान होतं. तुझा नियम आठवून मी ते फाडलं. त्यात काय लिहिलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतं: "बीपीचा पट्टा काकांच्या दंडावर आता एक घडी जास्त गुंडाळावा लागतो. कानाजवळचं हाड वर आलंय. डाव्या पायाची सूज घोट्याच्या वर गेल्यासारखी वाटते, पण वजन तेच आहे, म्हणजे माझा भास असेल." मी हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. फाडलं मी.

आणि एक. "न्या" म्हणाले ते कोणासाठी? ते मरू नयेत म्हणून, की माझ्या चुकीने मरू नयेत म्हणून? मी शपथेवर सांगू शकत नाही. त्यांना घरी गुदमरताना बघून तो दिवस काढणं कदाचित कठीण गेलं असतं, पण थेंब होते, खिडकी होती, जेन्सन तयार होता. सगळे तयार होते. मीच नव्हते.

टिफनी


धडगाव
२६ एप्रिल २०२५

प्रिय टिफनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मधे दोन दिवस उत्तर लिहायला बसले नाही, कारण जे लिहायचं ते मला माझ्याबद्दल लिहायचं होतं.

मी हे बघितलेलं आहे. चार वर्षांपूर्वी इथे एक बाई होती, हृदयाचीच. अंगावर मांस नाही, पायात पाणी, आणि कार्डावर महिनोन् महिने एकच वजन. मी तेव्हा कार्डाकडे बघत राहिले होते. ती गेली. मला ते माहीत होतं, आणि तुझी सरळ रेघ बघून मी तुला शाब्बास लिहिलं. उपास धरलेल्या दोन बायकांबद्दल मी तुला त्याच्या आधीच्या पत्रात लिहिलं आणि पाचूबंदरच्या म्हाताऱ्या कॅथलिक माणसाला तोच उपास असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तीस वर्षं नर्स आहे आणि जन्माची वसईची. तुझ्या पहिल्या पत्रातली सव्वादोन पानं मी काढून पुन्हा वाचली. तू अगदी नीट बघत होतीस. मी त्याला भीती म्हटलं आणि तुला फाडायला शिकवलं.

हे वाचून तुझं ओझं उतरणार नाही. तसं ते उतरायला मी लिहिलेलंही नाही. माझ्या वाटणीचं मी उचलते, तुझ्या वाटणीचं तुझ्याकडे राहील.

"न्या" कोणासाठी, ह्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुझ्या जागी मी काय म्हणाले असते तेही मला माहीत नाही. माहीत आहे असं जी नर्स म्हणेल तिच्या हाताखाली काम करू नकोस.

आता दोन कामं कर. सुरुची मॅडमना सगळं लेखी दे. पट्ट्याची घडी, फाडलेलं पान, उपास, सगळं. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होईल. आणि लूर्डसबाईंकडे आपणहून मन मोकळं करायला जाऊ नकोस. ते त्यांच्या दारात टाकायचं नसतं. पण त्यांनी विचारलं तर खरं सांग.

सेलिनमावशी


गिरीज
१६ मे २०२५

प्रिय सेलिनमावशी,

मॅडमना लेखी दिलं. त्यांनी वाचून कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "रेघ मीही बघितली होती." मग घरभेटीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवले: दंडाचा घेर, आणि काल दिवसभरात काय खाल्लं. काम चालू आहे. तुळिंजच्या आजोबांना मी शर्ट काढायला लावते तेव्हा त्यांना राग येतो.

काल गॅब्रिएलकाकांची महिन्याची मिस्सा होती. मी मागच्या बाकावर बसले होते, निघून जाणार होते, पण लूर्डसकाकींनी हाताने खूण केली. त्यांच्या मागोमाग घरी गेले. जेन्सन बोटीवर. आम्ही दोघीच. खिडकीजवळची खाट अजून तिथेच आहे, तिच्यावर जाळं दुरुस्तीला टाकलं आहे.

काकी खाली बसल्या आणि सरळ विचारलं. "त्याला न्यायला कोनी सांगितलं? जेन्सन म्हनतो मी नेला. तू सांग."

मी म्हणाले, "मी सांगितलं. जेन्सन कागद धरून उभा होता. तो घरी ठेवायला तयार होता. काकांनी नको म्हणून खूण केली होती, ती मी पाहिली होती. मी सांगितलं."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग दुसरा प्रश्न विचारला, हलक्या आवाजात, जसं काही शेजारी ऐकतील. "आनि उपासाचं? उपासानं झालं काय त्याला ते? मी ताट उचलत होते ना."

तू लिहिलं होतंस, विचारलं तर खरं सांग. माझ्या डोक्यात ते वाक्य होतं. पण समोर त्यांचे हात होते, मांडीवर ठेवलेले, आणि तेच हात रोज संध्याकाळी ते ताट उचलत होते. मी म्हणाले, "नाही काकी. उपासाचा काही संबंध नाही." जाणूनबुजून बोललेलं हे माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं असेल. आवाज अजिबात कापला नाही.

काकींनी क्रूस केला. चेहरा सैल झाला. म्हणाल्या, "मग बरं. त्याचे सहा राहिले होते ना, ते मी धरलेत. सोमवारपासून. आज चवथा. उपासानं झालं असतं तर नसते धरले."

मावशी, काकींना साखर आहे. दोन वेळा गोळी घेतात. मला ते माहीत होतं, त्यांच्या कपाटातली ती पट्टी मी कितीदा बघितली होती. मी विचारलं, गोळी चालू आहे? म्हणाल्या, "गोली कशाला सोडू? ती घेते दोनदा." उपाशी पोटी, चार दिवस. हाताला हात लावला तर गार आणि ओला.

मी आधी पाण्यात साखर ढवळून त्यांच्या हातात दिली आणि पिईपर्यंत हलले नाही. मग त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. वही काढली. म्हटलं, "काकी, काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं ते एकेक करून सांगा. किती वाजता, केवढं, ताटात काय उरलं, सगळं."

त्या सांगायला लागल्या. सकाळी चहा, अर्धा कप. दुपारी भात, मूठभर. मी लिहीत होते. संध्याकाळचं विचारलं तेव्हा त्या थांबल्या. माझ्या वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं, मावशी. मी काय खोटं बोलले ते त्यांना तिथल्या तिथे कळलं.

म्हणाल्या, "त्याला असं कधी विचारलं नाय तू."

टिफनी